ग्रिप घ्यायची? आधी हे वाचा!

"ताई, तुमच्या कॅमेऱ्याच्या खाली ते काय लावलंय हो?" लग्नाच्या हॉलमध्ये हा प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो. पूर्वी विचारणाऱ्या असायच्या करवल्या, नाहीतर लहान मुलं. गेल्या काही वर्षांत मात्र वेगळ्याच मैत्रिणी विचारू लागल्या आहेत. कुणी बारशाचे, डोहाळजेवणाचे फोटो काढायला सुरुवात केलेली, कुणी नवऱ्याच्या स्टुडिओत हातभार लावता लावता स्वतःच कॅमेरा उचललेली. त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "मी पण घेऊ का?"

परवा तर एक जण म्हणाली, "बचत गटातून कर्ज काढते, पण ग्रिप घेतेच!" तेव्हा ठरवलं, मैत्रिणींनो, या विषयावर एकदा सविस्तर बोलायचंच. कारण प्रश्न नुसता कॅमेऱ्याचा नाही. आपल्या मनगटाचा आणि आपल्या कष्टाच्या पैशाचाही आहे.

ही ग्रिप म्हणजे काय?

बॅटरी ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटाखाली बसणारा जोडभाग. बऱ्याच कॅमेऱ्यांत खालचं बॅटरीचं झाकण काढायचं, त्या खाचेत ग्रिपचा दांडा सरकवायचा आणि ट्रायपॉडच्या भोकात बसणारा स्क्रू फिरवून घट्ट करायचा. झालं काम! कॅननच्या ८०डीसारख्या कॅमेऱ्यात आतली बॅटरी काढून ग्रिपमध्येच दोन बॅटऱ्या घालतात. निकॉनच्या डी७५० किंवा डी८५० मध्ये एक बॅटरी कॅमेऱ्यातच राहते आणि दुसरी ग्रिपमध्ये जाते.

ग्रिपला स्वतःचं क्लिकचं बटण असतं, बहुतेकींना फिरवायची चकतीही असते. खरी गंमत तिथेच आहे. लोकांना वाटतं, ग्रिप बॅटरीसाठी घेतात. मी म्हणेन, बॅटरी हे दुसरं कारण. पहिलं कारण आहे उभा फोटो.

उभ्या फोटोचं सुख

साधा कॅमेरा उभा धरून बघा. उजवं कोपर वर हवेत जातं, खांदा उचलला जातो, मनगट मुरडतं. पाच-दहा फोटोंना काही वाटत नाही. पण नवरीचे एकटीचे फोटो, मग जोडीचे, मग आत्या, मावश्या, मामा, वरपक्षाचे पाहुणे... रांग संपतच नाही! त्यात आता मोबाइलवर टाकायला सगळ्यांना उभेच फोटो हवे असतात. ग्रिप लावली की कॅमेरा उभा केला तरी बटण बोटाखालीच येतं आणि कोपर अंगाशी राहतं. हात कमी हलतो, त्यामुळे कमी उजेडातला फोटोही जरा बरा येतो.

दुसरा फायदा करंगळीचा. कॅमेऱ्याची मूठ छोटी असेल तर करंगळी खाली लोंबकळत राहते. मोठी लेन्स लावली की सगळा भार उरलेल्या बोटांवर. ग्रिपमुळे करंगळीलाही धरायला जागा मिळते.

अंतरपाट थांबत नाही

आता बॅटरीकडे येऊ. बॅटरी बदलायला कितीसा वेळ लागतो? पंधरा-वीस सेकंद. पण अंतरपाट दूर होतो तो एका क्षणात! शेवटचं मंगलाष्टक चालू असताना 'थांबा हो भटजी, बॅटरी बदलते' असं म्हणता येत नाही. दोन बॅटऱ्या असल्या की सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत हा घोर बराच कमी होतो. हॉलमधल्या प्लगच्या भरवशावर तर राहूच नका. तिथे आधीच वऱ्हाडाचे सात मोबाइल लावलेले असतात!

पण म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याला दुसरी बॅटरी जोडूनच ठेवायला हवी असं नाही. ८०डीची बॅटरी कंपनीच्या मोजणीनुसार एका चार्जवर सुमारे ९६० फोटो देते, निकॉन डी८५० ची सुमारे १,८४०. मिररलेस कॅमेऱ्यांचं तसं नाही. त्यांत आरसा नसतो, आपण बघतो ते छोट्या पडद्यावर, आणि तो पडदा सतत वीज खातो. सोनीचा २०१३ मधला पहिला ए७ एका बॅटरीवर जेमतेम ३४० फोटो काढायचा. पुढे बॅटऱ्या मोठ्या झाल्या, २०१८ मधल्या ए७ थ्रीचा आकडा सुमारे ७१० वर गेला. हे आकडे प्रयोगशाळेतले, बरं का. भराभर फोटो काढले तर जास्त निघतात. व्हिडिओ घेतला, सारखा स्क्रीन बघत बसलं तर कमी.

दोन छोटे फायदे सांगायचे राहिले. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना ग्रिपमधली बॅटरी बाजूने निघते, कॅमेरा खाली उतरवावा लागत नाही. आणि ८०डीसारख्या अनेक डीएसएलआरच्या ग्रिपसोबत सहा पेन्सिल सेल बसतील असा ट्रे मिळतो. खेडेगावातल्या किराणा दुकानातले सेल घालून अडलेली वेळ निभावता येते. फार वेळ नाही चालत, पण चालतं. मिररलेसच्या नव्या ग्रिपमध्ये मात्र ही सोय सहसा नसते.

आता दुसरी बाजू

पहिला तोटा वजनाचा. ८०डी बॅटरीसह सुमारे ७३० ग्रॅम. त्यावर १८-१३५ ची लेन्स, सुमारे ५१५ ग्रॅम. वर फ्लॅश आणि त्याचे सेल. दीड किलो तिथेच ओलांडतं. ग्रिप आणि दुसरी बॅटरी लावली की जवळपास दोन किलो. दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली डोळ्यांसमोर धरून पाच मिनिटं उभ्या राहा, म्हणजे कळेल मी काय म्हणतेय ते.

बाईला वजन पेलत नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या साडी नेसून स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा घेऊन फिरायच्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पेलण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो रोजच्या बेरजेचा. कॅमेरा खाली ठेवला की आपलं मनगट सुट्टीवर जात नाही. कणीक मळायची असते, कपडे पिळायचे असतात, लेकराला कडेवर घ्यायचं असतं.

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखणं हे त्या बेरजेचं उत्तर असू शकतं. तिथल्या स्नायूबंधांना सूज येते, त्याला डी क्वेरवेनचा आजार म्हणतात. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेरवेन यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त दिसतो, तान्ह्या बाळाच्या आयांमध्ये तर खूपच. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवलं की कळ येते का? येत असेल तर ग्रिपच्या दुकानात नाही, आधी डॉक्टरांकडे जा. आणि ग्रिप असली तरी दोन विधींच्या मध्ये कॅमेरा हातात लटकवून ठेवू नका. रुंद पट्टा तिरका खांद्यावर घ्या.

दुसरा तोटा पैशाचा. कंपनीच्या एका ग्रिपच्या किमतीत दोन-तीन जादा बॅटऱ्या सहज येतात. शिवाय ग्रिप त्या-त्या मॉडेलचीच लागते, कॅमेरा बदलला की बहुतेक वेळा ती कपाटात जाते. कॅननच्या १५००डीसारख्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना तर कंपनी ग्रिप बनवतच नाही. दुसऱ्यांच्या स्वस्त ग्रिप मिळतात, पण त्यात क्लिकचं बटण चालायला बाहेरून एक छोटी वायर जोडावी लागते. घाईगर्दीत ती कुठेतरी अडकते.

तिसरा, बारीकसारीक कटकटींचा. स्क्रू जरा सैल झाला की कॅमेरा डुगडुगतो, विशेषतः ट्रायपॉडवर. रोजच्या पिशवीत कॅमेरा मावत नाही. व्हिडिओसाठी गिंबल वापरत असाल तर दरवेळी ग्रिप काढावी लागते. आणि कॅमेऱ्याचं काढलेलं झाकण जपून ठेवायचं ते वेगळंच!

"मोठा कॅमेरा आहे का तुमच्याकडे?"

एक फायदा कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो, तो मी इथे सांगते. ग्रिप लावली की कॅमेरा मोठा दिसतो आणि लोक वाट देतात. माझ्यासमोर उभं राहून "फोटोग्राफर कुठे गेला?" असं विचारणारे काका मी पुष्कळ पाहिलेत. ग्रिप आली तसा हा प्रश्न कमी झाला. स्टेजवर "जरा सरका" म्हटलं की सरकायलाही लागले. म्हणून ज्या मैत्रिणीला 'दिसण्यासाठी' ग्रिप हवीशी वाटते, तिला मी हसत नाही. तिची अडचण खरी आहे.

पण त्यासाठी कर्ज? नको ग. तो मान ग्रिपचा असतो. कॅमेरा खाली ठेवला की तोही खाली बसतो. पुढच्या बारशाला आवर्जून बोलावणं येतं ते आजीच्या डोळ्यांतलं पाणी फोटोत नेमकं आलं म्हणून आणि अल्बम सांगितल्या दिवशी हातात पडला म्हणून.

मग घ्यायची की नाही?

सरळ हिशेब सांगते. महिन्याला चार-पाच मोठी लग्नं असतील, दिवसभर उभे फोटो काढायचे असतील आणि कॅमेऱ्याला कंपनीची ग्रिप मिळत असेल, तर जरूर घ्या. आधी एखाद्या ओळखीच्या स्टुडिओतून दोन दिवस मागून आणा, हाताला मानवते का बघा. बारशी, वाढदिवस, मुंजी एवढंच काम असेल, तर जादा बॅटरी पुरे. नव्या मिररलेसपैकी बरेचसे पॉवर बँकेवरही चार्ज होतात, तेही बघून घ्या.

आता जादा बॅटरी ठेवायची कुठे? पुरुषांच्या पँटला चार खिसे, आपल्या कुर्त्याला एकही नाही! मी माझ्या शिंपीणबाईंकडून कामाच्या प्रत्येक कुर्त्याला आतून खोल खिसा शिवून घेतला आहे. शिलाईचे थोडे पैसे, आणि ग्रिपचं अर्धं काम त्यातच झालं. मात्र बॅटरीला टोपण लावूनच खिशात टाका. किल्ल्या नि नाण्यांमध्ये उघडी टाकली तर शॉर्ट होऊन तापू शकते.

बचत गटवाल्या मैत्रिणीला मी हेच सांगितलं. आधी एक कंपनीची बॅटरी घे, एक रुंद पट्टा घे, आणि एक लग्नसराई मन लावून काम कर. तेवढ्यावर ग्रिपचे पैसे सुटले, तर तुझ्या कमाईतून घे. कर्जाच्या हप्त्यापेक्षा तिचं वजन नक्कीच कमी वाटेल!