टाकी भरली की माकड टाळ वाजवेल

सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. अशा एखाद्या घरात माळ्यावर पडून असलेलं, सेलवर टाळ वाजवणारं माकड पुन्हा कामाला लावता येतं.

अमेरिकेत ब्रायन केन नावाच्या गृहस्थांनी २०१६ साली भिंतीवरच्या गाणाऱ्या खेळण्यातल्या माशाला अलेक्सा या व्हॉइस असिस्टंटच्या आवाजावर तोंड हलवायला लावलं. गच्चीवरची टाकी भरताच टाळ पिटणारं माकड मात्र त्याहून उपयोगी!

खेळणं उघडलं की आत छोटी मोटर, दातेरी चक्रं आणि दोन वायरी दिसतात. टाकीतला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) ईएसपी-८२६६ या वायफाय चिपच्या एका बोर्डाला जोडायचा, दुसरा बोर्ड माकडाच्या पोटात. निरोप वायफायवरून जातो. पण चिपची पिन जेमतेम १२ मिलिअँपिअर देते आणि मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर हवाच. मोटर थांबताना उसळणारा व्होल्टेज झेलायला तिच्या दोन टोकांवर उलटा डायोडही लावायचा. घाईत नेमका तोच राहतो, आणि सर्किट जळतं.

सुरुवात सेलवरच्या खेळण्यापासूनच करा. टाकी भरणाऱ्या पंपाच्या २३० व्होल्टच्या वायरिंगला जाणकार इलेक्ट्रिशियनशिवाय हात लावू नका.