शेजारून आणलेली रिकामी भांडी

मैत्रिणींनो, महिन्याची वीस तारीख उलटली की तांदळाच्या डब्यात हात घालताना छातीत धस्स होतं ना? माप डब्याच्या तळाला घासतं, तो आवाज आपल्याला बरोबर ओळखू येतो. अशा वेळी कुणी म्हणालं, "देवावर भरवसा ठेवा, सगळं ठीक होईल," तर आपण मान डोलावतो; पण मनात येतंच, भरवशाने काय वाण्याची उधारी फिटते?

आमचं घर ख्रिस्ती. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चुकायची नाही. तरी १९८४ साली यजमानांचा कारखाना बंद पडला, तेव्हा हाच प्रश्न माझ्या मनात यायचा. चार महिने पगार नव्हता. घरभाडं थकलं, थोरल्याची फी राहिली, माझ्या दोन बांगड्या गहाण पडल्या. मी पहाटे गुडघे टेकून देवापुढे रडायची आणि दार उघडून बाहेर आले की हसतमुख! रविवारी इस्त्रीची साडी नेसून चर्चला जायची. चार घरांपलीकडे कुणाला पत्ता लागू दिला नाही. देव बघतो आहे ना, मग लोकांना कशाला सांगायचं?

एका संध्याकाळी सासूबाईंनी बायबल उघडून अलीशा संदेष्ट्याची गोष्ट वाचली. तुमच्यापैकी पुष्कळजणींना ती ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. एक विधवा होती. नवरा देवभीरू, पण मागे कर्ज ठेवून गेलेला. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला निघाला होता. ती अलीशाकडे आली. त्याने विचारलं, घरात काय आहे? ती म्हणाली, थोडंसं तेल, बाकी काही नाही. तेव्हा त्याने तिला सांगितलं, की शेजारपाजारून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडीथोडकी आणू नकोस. मग दार लावून घे आणि तेल ओतत जा. मुलं भांडी देत गेली, ती भरत गेली. शेवटचं भांडं भरलं आणि तेल थांबलं. ते विकून तिने कर्ज फेडावं आणि उरलेल्यावर मुलांना घेऊन जगावं, असं अलीशाने सांगितलं.

वाचून झाल्यावर सासूबाईंनी चष्मा काढला आणि मला म्हणाल्या, "तेल देवाचंच गं. पण भांडी मागायला तिलाच दारोदार जावं लागलं ना? तू किती घरी गेलीस?"

मी गप्प! त्या रात्री मला झोप आली नाही. चार बायकांच्या दारात रिकाम्या भांड्यासाठी उभं राहायचं, म्हणजे घरात काही नाही हे सांगणंच ते. मी ज्याला श्रद्धा म्हणत होते, त्यात अर्धी लाज होती. देवाने मदत करावी, पण ती कुणाच्या हातून येऊ नये, अशी माझी अट होती!

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकूंकडे गेले आणि सगळं सांगितलं. काकू उपासतापास करणाऱ्या, त्यांच्या देव्हाऱ्यात गणपती. त्यांनी आधी चहा टाकला. मग म्हणाल्या, "माझं मशीन धूळ खात पडलंय, ने. शाळेचे गणवेश शिवून घेणारा माणूस माझ्या भावाच्या ओळखीचा आहे." मला शिवण येत होतं, एवढंच माझं 'थोडंसं तेल'.

लगेच सोन्याचे दिवस आले, असं मुळीच समजू नका. यजमानांना नोकरी लागायला पुढे वर्ष गेलं, तीही कमी पगाराची. उधारी फिटायला दोन वर्षं लागली, आणि एक बांगडी परत आलीच नाही. पण चूल एक दिवसही थंड राहिली नाही.

भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, हे आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंइतकं दुसरं कुणी दाखवलं असेल का? तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच, १८८२ साली, पती गेले. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं, ते अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केल्यावर. पुढे काय? बाईंनी प्रार्थना केली, आणि केडगावला जमीन घेऊन फळझाडंही लावली! १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती, म्हणून त्यांना केडगावलाच आसरा दिला. तेच मुक्ती मिशन, आजही चालू आहे. तिथे प्रार्थना होती, तशीच शेती, विणकाम आणि छापखानाही होता.

आणि ज्या मनोरमेने पुढे काम सांभाळायचं, ती १९२१ साली आईच्या आधीच गेली. रमाबाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल का? मागितलेलं सगळंच मिळत नाही, बायांनो. पण मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तोवर ते चालूच होतं. मला वाटतं, श्रद्धेने दुःख टळत नाही. दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागायचं बळ मिळतं.

प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणं आहे ते आजच्या भाकरीचं, वर्षभराच्या कोठाराचं नाही. म्हणून आज तुमच्या घरात ओढ असेल, तर एवढं करून पाहा. तुमच्या देवापुढे बसा, मन मोकळं करा. मग देणं किती, येणं किती, हे वहीत खरंखरं लिहा. घरात 'थोडंसं तेल' काय आहे, म्हणजे हातात कुठली कला आहे, ते आठवा. आणि निदान एका विश्वासू बाईला खरं सांगा.

आणि उद्या तुमच्या दारात कुणी रिकामं भांडं घेऊन आली, तर तिला आत बोलवा. चहा टाका. कुणास ठाऊक, तिने पहाटे केलेल्या प्रार्थनेचं उत्तर तुम्हीच असाल!