असीरगड घेणारा वेलस्ली कोणता?

बुऱ्हाणपूर-असीरगडाच्या इतिहासात 'वेलस्ली' हे नाव हटकून येतं आणि घोटाळा तिथंच होतो. हे दोघे सख्खे भाऊ होते, आणि १८०३ साली गड पडला तेव्हा त्याच्यासमोर दोघांपैकी कुणीच नव्हतं! म्हणून आधी त्यांचं घर पाहू.

हे घराणं आयर्लंडचं. वडील गॅरेट वेस्ली हे मॉर्निंग्टनचे पहिले अर्ल. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते संगीताचे प्राध्यापक होते. १७८१ मध्ये ते कर्ज मागे ठेवून वारले. थोरला रिचर्ड (जन्म १७६०) याने ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी उचलली. पुढे तो पार्लमेंटात गेला. 'वेस्ली'चं 'वेलस्ली' त्यानेच केलं.

१७९८ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. धाकटा आर्थर (जन्म १७६९) वर्षभर आधीच पलटणीबरोबर आला होता. सर्वांत धाकटा हेन्री रिचर्डचा खासगी सचिव झाला. म्हणजे कंपनीचं राजकारण, फौज आणि दप्तर, तिन्हीकडे एकाच घरची माणसं. रिचर्डची फ्रेंच पत्नी हायसिंथ मात्र भारतात आलीच नाही. त्यांची मुलं लग्नाआधीची, त्यामुळे १८४२ मध्ये रिचर्ड वारल्यावर अर्लपद भाऊ विल्यमकडे गेलं.

आता आपल्याकडे येऊ. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवे बाजीराव दुसरे कंपनीच्या आश्रयाला गेले, आणि पुढच्याच वर्षी शिंदे-भोसल्यांशी युद्ध जुंपलं. २३ सप्टेंबर १८०३ ला आर्थरने असईची लढाई जिंकली. बुऱ्हाणपूर आणि असीरगड घ्यायला मात्र कर्नल स्टीव्हन्सन आला. ऑक्टोबरात आधी शहर पडलं, मग २१ तारखेला गड. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह आर्थरने केला आणि दोन्ही ठिकाणं शिंद्यांना परत मिळाली.

मी इंजिनिअर माणूस, साइटच्या भाषेत सांगतो: मंजुरी थोरल्याची, देखरेख धाकट्याची, प्रत्यक्ष काम स्टीव्हन्सनचं. १८१९ मध्ये इंग्रजांनी असीरगड पुन्हा घेतला, तेव्हा तर दोघेही भाऊ भारत सोडून चौदा वर्षं झाली होती. शाहपूरच्या आपल्या पोरांना गड दाखवताना एवढा फरक जरूर सांगावा.