आरेखनाच्या फळ्यावरून संगणकाच्या पडद्यावर

आरेखन ही अभियंत्याची भाषा होय. यंत्राचा सुटा भाग असो वा पूल, तो प्रत्यक्षात उभा राहण्यापूर्वी कागदावर उतरावा लागतो. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, कंपास आणि टोकदार पेन्सिल यांच्या सहवासात विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या. एखादे माप बदलले की खाडाखोड आली. पुष्कळदा संपूर्ण आरेखनच नव्याने काढावे लागे.

हे श्रम हलके करण्याचे बीज एका विद्यापीठातच रुजले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ ही संगणकप्रणाली सिद्ध केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा ओढाव्यात आणि त्या समांतर हव्यात असे सांगताच यंत्राने त्या तशा करून द्याव्यात, अशी तिची योजना होती. पुढे १९८२ साली ‘ऑटोकॅड’ आले आणि ही विद्या लहान संगणकांवरही सुलभ झाली.

आज विद्यार्थी पडद्यावर वस्तूची त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. एक माप बदलताच तिच्यावरून काढलेली सर्व दृश्ये बदलतात. दोन भाग परस्परांत अडकतात काय, हे ते घडविण्यापूर्वीच तपासता येते.

तथापि, आरेखन नीटनेटके दिसले म्हणजे ते बिनचूक असतेच असे नाही. याचे एक उदाहरण पुरेसे आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९८८ साली शाळा-महाविद्यालयांसाठी प्रसिद्ध केलेल्या आरेखन-संहितेत प्रथम कोन प्रक्षेपणाची शिफारस आहे. तीत डावीकडून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या उजवीकडे मांडतात. अमेरिकेत रूढ असलेल्या तृतीय कोन पद्धतीत ते डावीकडेच येते. संगणक दोन्ही पद्धतींनी तितक्याच तत्परतेने आरेखन काढून देतो. पद्धतीची खूण पाहण्यात चूक झाली, तर डाव्या बाजूचे छिद्र उजव्या बाजूस पाडले जाण्याचा संभव असतो. अशा वेळी धातू वाया जातो, कारागिराचे श्रमही व्यर्थ होतात.

म्हणूनच विद्यार्थ्याने प्रथम वस्तू हाती घेऊन न्याहाळावी, मोकळ्या हाताने तिची दृश्ये कागदावर रेखाटावीत आणि मगच संगणकापुढे बसावे, हा क्रम हितावह होय. संगणक हाताचे कष्ट वाचवितो. वस्तू मनश्चक्षूंपुढे उभी करण्याचे काम मात्र विद्यार्थ्यालाच करावे लागते.