दरियाची लाट, काळा खडक आणि ईदची सहल

धुळे-जळगावच्या बाजारपेठेत बसून समुद्राच्या लाटांचा हिशेब कशाला करायचा, असा प्रश्न आमच्या वाचकांना पडेल. पण आपल्या भागातील दोन धंदे थेट समुद्राशी बांधलेले आहेत. एक, सुकट-बोंबलाची खरेदी. दुसरा, कोकणात सहली नेणाऱ्या गाड्यांचा. पहिल्यात बयाण्याची रक्कम अडकते, दुसऱ्यात माणसांचे जीव. दोन्ही ठिकाणी नुकसान बहुधा एकाच कारणाने होते. खडकाळ किनाऱ्यावर लाट कशी फुटते, हे आपल्याला माहीत नसते.

ही विद्या सर्वांत बारकाईने जाणतात ते सर्फिंग करणारे, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होणारे खेळाडू. या खेळाचा ऑलिम्पिकमध्ये समावेश २०२१ साली टोकियोत झाला. २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकच्या सर्फिंग स्पर्धा ताहिती बेटावर झाल्या, तेथे लाट पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकावर फुटते. आपल्या देशात कर्नाटकातील मुल्की आणि तमिळनाडूतील महाबलिपुरम ही या खेळाची नावाजलेली ठिकाणे आहेत. हे खेळाडू पाण्यात उतरण्यापूर्वी चार गोष्टी तपासतात. त्याच चार गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

लाटेची उंची आणि अंतर

पहिली गोष्ट लाटेची. लाट दुप्पट उंच झाली की तिचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. पण केवळ उंची पाहून चालत नाही. एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते, हे मोजावे लागते. सहा सेकंदांनी येणारी लाट जवळच्या वाऱ्याने उठलेली असते. बारा-पंधरा सेकंदांनी येणारी लाट दूरच्या वादळातून निघालेली असते आणि तिच्या पोटात जोर फार असतो. आपल्या किनाऱ्यावर वारा पडलेला, आकाश निरभ्र, तरीही अशी लाट येऊन आदळते. मे २०२४ मध्ये असेच झाले. दक्षिणेच्या महासागरातून निघालेल्या लाटांबद्दल ४ आणि ५ मे रोजी मुंबईलाही इशारा देण्यात आला होता. हिवाळ्यात इराण-अरबस्तानकडून वाहणाऱ्या 'शमाल' वाऱ्याच्या लाटाही कोकणापर्यंत पोहोचतात.

तळाचा खडक

दुसरी गोष्ट तळाची. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते. वाळूच्या किनाऱ्यावर तळ हळूहळू चढत जातो, म्हणून लाट लांबूनच थकत येते. पाण्याखाली खडक असेल तर तळ एकदम वर येतो. लाटेला थकायला वेळच मिळत नाही. तिचा माथा पुढे झेपावतो आणि सगळा जोर एका जागी कोसळतो. वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, खडक बदलत नाही. म्हणून तेथे लाट वर्षानुवर्षे त्याच जागी फुटते. खेळाडूला हे सोयीचे असते, पण पडणाऱ्याच्या खाली वाळू नसते, दगड असतो.

रायगड किनाऱ्यावरचा हा दगड आपल्याला परका नाही. लळिंगच्या डोंगरात आणि अजिंठ्याच्या रांगेत जो काळा दगड आहे, तोच तेथे समुद्राने घासून सपाट केला आहे. ओहोटीला तो फरसबंदी अंगणासारखा दिसतो आणि माणसे बेधडक त्यावर चालत जातात.

भरती आणि चांदाची तारीख

तिसरी गोष्ट भरतीची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. तीच लाट पूर्ण भरतीला खडकावरून तशीच पुढे सरकेल आणि पाणी उतरले की त्याच खडकावर फुटेल. मुंबईत कुलाब्याच्या दक्षिणेला प्राँग्स नावाचा खडक आहे. त्यावर १८७५ साली दीपगृह बांधले गेले. ओहोटीला तेथे पायी जाता येते, भरतीला चहूकडे पाणी असते.

भरती चंद्रावर चालते आणि चांदाची तारीख आपल्या घराघरात माहीत असते. चांदाची पहिली दोन-तीन तारीख आणि चौदा ते सोळा तारीख, हे उधाणाचे दिवस. त्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. आठ-नऊ आणि बावीस-तेवीस तारखेला भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी.

आता हिशेब करा. रमजान ईद चांदाच्या पहिल्या तारखेला येते. म्हणजे ईदची सहल उधाणातच निघते. त्या दिवसांत मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर सकाळी सहा-सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते आणि दुपारी बारा ते दीडच्या सुमारास पूर्ण भरती. रात्रभर प्रवास करून पोहोचलेल्या मंडळींना सकाळी खडक उघडा दिसतो. मुले दूरवर जातात. भरती मागच्या खोलगट भागातून आधी शिरते आणि परतीची वाट बंद झाल्यावरच ध्यानात येते.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. दिवस अमावस्येच्या तोंडावरचा होता, पावसाळी दरिया खवळलेला होता.

वारा

चौथी गोष्ट वाऱ्याची. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो लाटेला समोरून थोपवतो, म्हणून लाट सरळ आणि नितळ उभी राहते. दुपारी खारा वारा सुरू झाला की पाणी विस्कटते आणि कोणती लाट कोठे फुटेल, याचा अंदाज राहत नाही.

व्यापाऱ्याने काय करावे

हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था लाटांची उंची, दिशा आणि सेकंद यांचा अंदाज रोज देते. सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याने बयाणा पाठवण्यापूर्वी तो पाहावा. "दरिया खवळला, माल आला नाही" हे उत्तर खरे की बहाणा, हे त्यावरून घरबसल्या समजते. १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा मालाचा वायदा त्याआधीचाच करून घ्यावा. लाटा खरोखरच मोठ्या असतील तर मासळीवाल्याला घाई करू नये. आपल्या तगाद्यापायी कोणाची होडी खडकावर जाऊ नये.

सहलीच्या गाडीवाल्यांनी निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ लिहून घ्यावी आणि ती प्रवाशांना गाडीतच सांगावी. किनाऱ्यावर पोहोचल्यावर वीस मिनिटे उभे राहून नुसते पाहावे. मोठ्या लाटा टोळीने येतात, मधल्या शांततेवर विसंबू नये. खडक ओला असेल तर लाट तेथवर येऊन गेली आहे, हे समजावे. पाणी चढू लागले की खडक सोडावा.

गाडीचे भाडे आपण एकदा घेतो. पण माणसे सुखरूप घरी परतली, तरच पुढच्या ईदला तीच मंडळी पुन्हा आपल्या गाडीत बसतील.