‘यू’ सर्टिफिकेट आणि घाबरलेली पोरं

ब्रिटनमध्ये राहत असाल तर ऑफिसातल्या एखाद्या पन्नाशीच्या माणसाला ‘वॉटरशिप डाउन’बद्दल विचारून बघा. बऱ्याचदा चेहराच बदलतो. खरं तर ते सशांचं कार्टून. १९७८ मध्ये तिथल्या सेन्सॉर मंडळाने त्याला ‘यू’ दिलं, म्हणजे सगळ्यांनी बघायला हरकत नाही. हाताने काढलेली चित्रं आहेत, मुलं थोडी हळवी होतील, पण गोष्ट संपली की विसरतील, असा परीक्षकांचा हिशोब. पण रक्ताने लाल होणारं शेत आणि बुजवलेल्या बिळात गुदमरणारे ससे मुलं काही विसरली नाहीत. ‘पीजी’ मिळायला २०२२ उजाडलं.

चुकलं कुठे? परीक्षक मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी बघत होते.

याच सुमारास अमेरिकेत टीव्हीवर ‘द इन्क्रेडिबल हल्क’ लागायचं. हल्क तर चांगल्या बाजूचा, लोकांना वाचवणारा. तरी जोअन कँटर या संशोधिकेने पालकांना विचारलं तेव्हा शाळेत न जाणाऱ्या पोरांना घाबरवणाऱ्या कार्यक्रमांत हल्कचं नाव सारखं यायला लागलं. तिने आणि ग्लेन स्पार्क्सने मग मुलांना तो भाग दाखवून पाहिला. लहानांची भीती वाढायची ती साधा माणूस हिरवा राक्षस होतो तिथे. मोठ्या मुलांना कळायचं की आता हा कुणाला तरी सोडवणार. लहानांना फक्त ते रूप दिसायचं. साधारण सात वर्षांपर्यंत दिसणं हेच खरं असतं; हेतू, गोष्टीचा शेवट, हे सगळं नंतर.

म्हणून ‘अगं, ते खोटं आहे’ हे आपलं ठेवणीतलं वाक्य चार वर्षांच्या भाचीवर चालत नाही. मी स्वतः रात्री दोन वाजता तिला ते सात-आठ वेळा ऐकवलंय. शेवटी दिवा लावला, मांडीवर घेतलं, दूध दिलं, तेव्हा झोपली. कँटरही लहानांसाठी हेच सांगते: जवळ घ्या, काहीतरी खायला-प्यायला द्या, समजावणं नंतर. ‘खोटं आहे’ कामी येतं ते आठ-दहा वर्षांच्या मुलाला. पण त्याला आता राक्षस नाही, बातम्यांतला अपहरणाचा प्रसंग घाबरवतो, आणि तो तर खोटा नसतोच.

मुलांचे लाडके मिस्टर रॉजर्स थेट हल्कच्या सेटवर गेले होते. तिथे त्यांनी लू फेरिग्नोला हिरवा रंग लावताना मुलांना दाखवलं.