पोलीस दिसले म्हणून पळायचे कशाला?



माझ्या उजव्या गुडघ्यावर पाच टाक्यांची खूण आहे. ती लंगडी खेळताना झालेली नाही. गेल्या पावसाळ्यात मी काकांच्या मोटारसायकलवर मागे बसून अंजूरफाट्याकडून घरी येत होते. रात्रीचे नऊ वाजले असतील. पुढे पोलिसांची नाकाबंदी दिसली. काकांचे लायसन घरी दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिले होते. “मेलो आता!” असे म्हणून काकांनी गाडी तिथल्या तिथे वळवली. समोरून कंटेनर आला. ब्रेक दाबताच गाडी चिखलात घसरली. काकांचा हात मोडला, माझा गुडघा फुटला. आम्हांला उचलायला सर्वांत आधी धावून आले ते नाकाबंदीवरचे दोन पोलीसच. त्यांतले एक म्हणाले, “अहो, कागद नाही म्हणून जीव द्यायचा का?”

काका दोन महिने घरी बसून होते. आजी रोज एकच बोलायची, “आपुन चोरी केली नाय, मंग पलाचा कनाला?”

हाच प्रश्न मी गुरुजींना विचारला. गुरुजींनी तो सगळ्या वर्गाला समजावून सांगितला. तेच मी इथे लिहीत आहे.

गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर लायसन दाखवणे हे गाडी चालवणाऱ्याचे कायद्याने कर्तव्य आहे. म्हणून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि विचारतील त्याचे खरे उत्तर द्यावे. हुज्जत घालू नये, अंगाला हात लावू नये. पोलिसांच्या कामात जोरजबरदस्ती करणे हा गुन्हा आहे. आता मोबाईलमधल्या डिजीलॉकरमध्ये लायसन आणि गाडीचे कागद दाखवले तरी चालतात. त्या रात्री काकांच्या खिशात मोबाईल होता! पण ही गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. चूक झालीच असेल तर ई-चलन होते. ते रीतसर भरावे. “साहेब, मिटवून टाका” म्हणत नोट पुढे करू नये. लाच घेणे जसा गुन्हा, तसा देणेही गुन्हा आहे. कोणी लाच मागितली तर १०६४ या क्रमांकावर लाचलुचपत विभागाकडे तक्रार करता येते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे पोलीस म्हणतील त्याला मान डोलवायची का? तसे नाही. आमचे बाबा गोदामात हमाली करतात. एकदा तिथे चोरी झाली आणि बाबांना पंच म्हणून बोलावले. पंचनामा लिहून झाल्यावर सही करायला सांगितले. बाबा म्हणाले, “साहेब, आधी वाचून दाखवा.” लिहिणाऱ्यांच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी वाचले. त्यात ‘कुलूप तोडलेले’ असे होते. कुलूप तर शाबूत होते, शटर खालून वाकवलेले होते. बाबांनी हात जोडूनच ते दाखवले आणि मजकूर दुरुस्त झाला. बाबा चौथी शिकलेले आहेत. पण न वाचता सही करायची नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक आहे.

आपण तक्रार द्यायला गेलो, तर तीही लिहून झाल्यावर आपल्याला वाचून दाखवावी लागते. मगच सही करायची. गुन्हा नोंदवला की त्याची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्यावी. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी तक्रार घेतलीच पाहिजे. साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले आणि ६० वर्षांवरील माणसे यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांच्या घरी जाऊन विचारावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे दिलेले आहे.

कोणाला अटक झालीच, तर आपल्या संविधानाचे २२ वे कलम त्याच्या पाठीशी असते. अटकेचे कारण सांगावे लागते, वकील घेता येतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभे करावे लागते. पोलीस कोठडीत माणसे मरतात, हे थांबावे म्हणून डी. के. बसू यांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९९६ साली निकाल लागला. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे, अटकेचा कागद साक्षीदारासमोर झाला पाहिजे आणि घरच्यांना कळवले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. एका पत्रामुळे एवढे झाले!

गुरुजींनी आपल्या भिवंडीचीही गोष्ट सांगितली. भिवंडीत १९७० आणि १९८४ साली मोठ्या दंगली झाल्या. पुष्कळ माणसे मेली. १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. हिंदू, मुसलमान आणि त्या भागातले पोलीस एका ठिकाणी बसून बोलू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. गुरुजी म्हणाले, “अफवा आली की लोक ओळखीच्या पोलिसाला विचारू शकत होते. ओळख असली की भीती कमी होते.”

आपण मुलांनी काय लक्षात ठेवावे?

(१) वाट चुकली किंवा कोणी त्रास दिला तर पोलिसांकडे जावे. फोन ११२ ला करावा. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

(२) आपले नाव, गाव आणि घरच्यांचा फोन क्रमांक पाठ ठेवावा.

(३) साध्या कपड्यातला कोणी ‘मी पोलीस आहे, चल’ म्हणाला तर एकट्याने जाऊ नये. ओळखपत्र पाहावे, मोठ्या माणसाला हाक मारावी.

(४) व्हिडिओ कॉलवरून अटक होत नाही. तसे सांगून पैसे मागणारा ठग असतो. हे घरी आजीआजोबांना जरूर सांगावे. अशी फसवणूक झाल्यास १९३० ला फोन करावा.

(५) १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. म्हणजे सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांना वेसण. आपण सज्जन असू, तर ते आपल्यासाठीच उभे आहेत. चुकले तर नम्रपणे विचारायचा हक्कही आपलाच आहे.

मागच्या आठवड्यात काका आणि मी पुन्हा त्याच रस्त्याने आलो. पुन्हा नाकाबंदी होती. माझ्या छातीत धडधडले. काकांनी गाडी बाजूला घेतली, मोबाईल उघडून दाखवला. पोलीस म्हणाले, “ठीक आहे, सावकाश जा.” एक मिनिटसुद्धा लागले नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी